गॉडविट ओळखताना या चुका टाळा

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या काठी, जायकवाडीला किंवा नांदूरमध्यमेश्वरला लांब, सरळ चोचीचे करडे-तपकिरी पक्षी थव्याने चिखलात चोच खुपसताना दिसले, तर ते बहुतेक वेळा काळ्या शेपटीचे गॉडविट असतात. तरीही फोटोखाली भलतंच नाव पडतं. नजर चोचीवर खिळते आणि बाकीचा पक्षी बघायचाच राहतो.

चोचीच्या बाकावरून निकाल देणे

पट्टेरी शेपटीच्या गॉडविटची चोच किंचित वर वळलेली असते, हे खरं. पण काळ्या शेपटीच्या काही पक्ष्यांची चोचही तशीच भासते, मादीची चोच नरापेक्षा लांब असते आणि पक्षी तिरका उभा असेल तर काहीच कळत नाही. शेपटीचा तरी काय उपयोग? बसलेल्या पक्ष्याची शेपटी मिटल्या पंखांखाली झाकलेली असते.

पक्षी उडेपर्यंत किंवा आळस देत पंख ताणेपर्यंत थांबा. काळ्या शेपटीच्या गॉडविटच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा असतो, शेपटी बुडाशी पांढरी व टोकाला काळी असते आणि पाय शेपटीच्या बरेच मागे निघतात. पट्टेरी शेपटीच्या गॉडविटच्या पंखावर असा ठळक पट्टा नसतो, कमरेचा पांढरा रंग पाठीवर निमुळता होत चढतो आणि शेपटीमागे जेमतेम बोटं दिसतात. शटर १/२००० सेकंद ठेवून सलग फोटो घ्या. एक धूसर पण पंख पसरलेला फोटो दहा सुबक बसलेल्या फोटोंपेक्षा कामाचा.

पक्षी उडालाच नाही, तर पाठ पाहा. हिवाळ्यात काळ्या शेपटीच्या गॉडविटची पाठ जवळजवळ सपाट करडी असते, तर दुसऱ्याच्या पाठीवर गडद रेघा असतात. दुसऱ्याची भुवईची फिकट रेघही डोळ्याच्या बरीच मागे जाते. जागाही बोलते: पट्टेरी शेपटीचा गॉडविट मुख्यतः खाडी आणि समुद्रकिनाऱ्याचा पक्षी. धरणावर त्याची नोंद करायची असेल, तर पंखाचा पुरावा हवाच.

महिना न पाहता पुस्तकातलं चित्र जुळवणे

पुस्तकातला विटकरी गॉडविट विणीच्या रंगातला असतो. आपल्याकडे तो रंग मार्च-एप्रिलमध्ये, परतीच्या आधी चढू लागतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नारिंगी झाक असलेल्या मानेचा पक्षी दिसला, तर तो त्या वर्षीचं पिल्लूही असू शकतो. नर पूर्ण रंगात असला की काम सोपं. काळ्या शेपटीच्या नराचा विटकरी रंग छातीशी थांबतो आणि खाली पांढऱ्यावर काळे आडवे पट्टे येतात. पट्टेरी शेपटीच्या नराचा तो थेट शेपटीखालपर्यंत जातो.

काळी चोच दिसली की 'दुर्मीळ' म्हणणे

ही चूक सगळ्यांत जास्त होते. एशियन डाऊचर हा गॉडविटसारखाच दिसणारा दुर्मीळ पक्षी. त्याची चोच पूर्ण काळी असते, तर हिवाळ्यातल्या गॉडविटची बुडाशी गुलाबी. पण चिखलात डोळ्यांपर्यंत खुपसलेली चोच बाहेर आली की गुलाबी भाग लिंपलेला असतो. पक्षी पोटाइतक्या पाण्यात असेल तर पायही आखूड वाटतात, आणि डाऊचरचा भास पूर्ण होतो. पक्ष्याने चोच पाण्यात धुईपर्यंत थांबा. दुपारच्या झळांमधून दूरवरचे रंग वाचूच नका.

चोच इतकी खोल जाते, कारण तिच्या टोकाशी स्पर्शाला संवेदनशील मज्जातंतूंची दाटी असते. आतला किडा नजरेने नाही, स्पर्शाने सापडतो. शिवाय वरच्या चोचीचं फक्त टोक चिमट्यासारखं उघडतं, त्यामुळे सगळी चोच चिखलात फाकावी लागत नाही.

पाण्याची वेळ चुकणे

पावसाळ्यानंतर उजनी काठोकाठ भरली की उथळ चिखल पाण्याखाली असतो. ऑक्टोबरमध्ये जाऊन 'यंदा गॉडविट आलेच नाहीत' म्हणण्यात अर्थ नाही. पाणी उतरून काठ उघडे पडू द्या.

ठाणे किंवा शिवडीच्या खाडीत ओहोटीला पक्षी दूर पांगतात. पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी पोहोचा, म्हणजे चढतं पाणी त्यांना काठाकडे आणतं. मुंबईकडचा ढोबळ हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास. मात्र भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी फार चढत नाही, पक्षीही लांबच राहतात. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकातच पाहा.

होडी थेट थव्यात घालणे

सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि चरणं थांबलं, की तिथेच थांबा. पुढे गेलात तर थवा उडणारच. लांबच्या परतीसाठी त्यांना चरबी साठवायची असते. नावाड्याला इंजिन आधीच बंद करायला सांगा आणि थव्याच्या कडेने जा.

पाय न पाहणे

पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली कडी किंवा रंगीत झेंडी असेल तर दोन्ही पायांचे फोटो घ्या. झेंडीचा रंग, तिच्यावरची अक्षरं, डावा पाय की उजवा, सांध्याच्या वर की खाली, हे सगळं लिहा आणि तारीख व जागेसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. अक्षरं अर्धवट वाचता आली तर अंदाजाने पुरी करू नका, दिसली तेवढीच कळवा.