गोल्फमध्ये टी कुठली घ्यायची? आपला बॉल किती लांब जातो ते आधी मोजा

मागच्या हिवाळ्यात दाजींबरोबर पुण्याला गोल्फ खेळायला गेलो होतो. दाजींचा इथं सोलापुरात टॉवेलचा धंदा, माल घेणाऱ्या एका व्यापाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी त्यांना या खेळाची गोडी लावली. प्रत्येक होलला पहिला शॉट जिथनं मारायचा ती जागा म्हणजे टी, एकाच होलला मागं-पुढं अशा बऱ्याच टी असतात. बरोबरचे तिघं सगळ्यात मागच्या टीवरनं मारत होते म्हणून दाजीपण तिथंच उभे राहिले. पहिलाच होल पार फोर, म्हणजे चार शॉटमध्ये पुरा करायचा, ४०० यार्डांचा (यार्ड मीटरपेक्षा जरा आखूड). ड्राइव्ह, म्हणजे टीवरनं मारलेला पहिला लांब शॉट, मस्त बसला, फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध, १९० यार्ड. पण अजून २१० राहिले की! थ्री वूड (लांब मारायचा एक क्लब, म्हणजे काठी) काढला, तोपण चांगला लागला, तरी बॉल ग्रीनच्या, म्हणजे झेंडा आणि भोक असतं त्या हिरवळीच्या, चाळीस यार्ड अलीकडंच. दोन्ही शॉट चांगले आणि हातात काहीच नाही, आणि हेच अठरा होल चाललं. जेवायला बसल्यावर म्हणाले, "मला नाही जमत हे, सोडून देतो आता." मला लई वाईट वाटलं, कारण त्यांच्या स्विंगमध्ये काही खोट नव्हती, कोर्स त्यांच्या मापाचा नव्हता एवढंच.

हिशोब करून बघा. २०० यार्ड ड्राइव्ह मारणारा माणूस अठरा होल मिळून ७,००० यार्डांचा कोर्स खेळतो म्हणजे ३०० यार्ड मारणाऱ्या प्रोला १०,५०० यार्डांचा कोर्स दिल्यासारखं झालं. एवढा लांब कोर्स मोठमोठ्या स्पर्धांनाही नसतो. १९९७ मध्ये टायगर वूड्सनं मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा ती जिथं होते त्या ऑगस्टाचा कोर्स ७,००० यार्डांच्या आतच होता. आणि आपण हौशी माणसं तेवढ्या लांबीवर धडपडत बसतो.

अमेरिकेत २०११ मध्ये पीजीए ऑफ अमेरिका आणि यूएसजीए या दोन संस्थांनी यासाठी 'टी इट फॉरवर्ड' नावाची मोहीम काढली होती, पुढच्या टीवरनं खेळा म्हणून. त्यांच्या तक्त्यात ड्राइव्ह २५० यार्ड असेल तर कोर्स ६,२०० ते ६,४००, २२५ असेल तर ५,८०० ते ६,०००, २०० असेल तर ५,२०० ते ५,४०० आणि १७५ असेल तर ४,४०० ते ४,६०० यार्ड. अजून एक सोपा हिशोब खेळणारे वापरतात, फाइव्ह आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) किती यार्ड जातं त्याला ३६ नी गुणायचं. दाजींचं १४० जातं, म्हणजे ५,०४० झाले. त्यांचा ड्राइव्ह १९० चा, तक्त्यातल्या १७५ आणि २०० च्या मधला, म्हणजे दोन्ही हिशोब जवळजवळ एकाच ठिकाणी येतात.

आता मोजायचं कसं? इथं लोक चुकतात, आयुष्यात एकदा बसलेला सगळ्यात लांब शॉट धरतात. तसं करू नका. दहा बॉल मारा, दोन सगळ्यात लांब आणि दोन सगळ्यात आखूड सोडून द्या, उरलेल्या सहांची सरासरी काढा. आपल्याकडं जागा शोधायची तर ओळखीच्या माणसाचं मोकळं माळरान बघा, विचारून जा, आणि पुढं माणूस, जनावर कोणी नाही याची खात्री करूनच मारा. ज्वारी काढलेल्या काळ्या रानात नको, उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडलेल्या असतात, बॉल आत गेला की गेला, वर धसकटं पायाला लागतात ते वेगळंच. माळ कडक असतो त्यामुळं बॉल टप्पा पडल्यावर लांब पळत जातो, ते पळणं धरायचं नाही, पहिला टप्पा कुठं पडला ते कोणाला तरी पुढं बाजूला उभं करून बघायला सांगा. अंतर मोबाइलच्या मॅपवर मोजता येतं, मीटरमध्ये आलं तर १०० मीटर म्हणजे साधारण १०९ यार्ड.

कोर्सवर गेल्यावर टीचा रंग बघू नका, स्कोअरकार्डवरचे यार्ड बघा. रंगांचा सगळीकडं एकच नियम नाही, एका ठिकाणची पांढरी टी दुसऱ्या ठिकाणच्या निळ्याएवढी लांब निघू शकते. आणि पुढची टी फक्त बायकांची हे डोक्यातनं काढून टाका. टी अंतरावरनं ठरते, वयावरनं पण नाही, बाईमाणसावरनं पण नाही. बरोबरचे मागनं खेळत असले तरी हरकत नाही, हँडिकॅपच्या पद्धतीत (कच्च्या खेळाडूला सूट म्हणून स्ट्रोक देतात ती) प्रत्येक टीचं रेटिंग आणि स्लोप, म्हणजे ती किती अवघड याचे आकडे, वेगळे धरतात त्यामुळं पुढनं खेळणाऱ्याला स्ट्रोक कमी मिळतात आणि सामना बरोबरीचाच राहतो.

नुसत्या एकूण आकड्यावर पण जाऊ नका. टीपासनं पाणी किंवा नाला ओलांडायला बॉल हवेत किती न्यावा लागतोय ते कॅडीला (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाला) विचारा. होल वळणाचा असेल तर आपला ड्राइव्ह वळणापर्यंत पोचतोय का बघा, नाहीतर दुसऱ्या शॉटला समोर झाडंच. उलट पुढं गेल्यावर जो बंकर (वाळूचा खड्डा) आधी लांब होता तो आता बरोबर आपल्या टप्प्यात येऊ शकतो, तिथं ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) ठेवून थ्री वूड मारायचा. आणि फार पुढं पण नको, प्रत्येक पार फोरला ड्राइव्ह आणि एक चिप (ग्रीनजवळचा छोटा शॉट) एवढंच उरलं तर बाकीचे क्लब बॅगेतच राहतात, त्यात मजा नाही.

जवळची टीच नसेल तर बरोबरच्यांना आधी सांगून लांब होलवर फेअरवेच्या सुरुवातीपासनं खेळा, किंवा स्वतःचा पार एकनं वाढवून धरा. घरच्या खेळात कोणी अडवत नाही.

महिन्यानं दाजींना परत नेलं, साधारण ५,००० यार्डांच्या टीवर. ३१० यार्डांचा पार फोर, तोच १९० चा ड्राइव्ह, राहिले १२०. सेव्हन आयर्ननं मारलेला बॉल उंच गेला आणि ग्रीनवर धप्प करून पडला. जवळ गेलो तर गवतात बोटाच्या पेराएवढा खड्डा. कॅडीनं खिशातनं छोटा काटा काढून दाजींच्या हातात दिला, "काका, कडेनं आत दाबा, वर उचकटू नका." दाजी गुडघ्यावर बसून तो खड्डा बुजवत होते, दोन वर्षांत पहिल्यांदाच, कारण लांबनं आलेला त्यांचा बॉल ग्रीनवर असा कधी पडलाच नव्हता. अठरा होलमध्ये जवळपास एक किलोमीटर चालणं पण वाचलं, ऊन चढायच्या आत खेळ संपला.

आणि हो, पावसाळ्यात फेअरवे मऊ होतो, बॉल पळत नाही, तेव्हा तेवढ्यापुरती अजून एक टी पुढं घ्या.