रॅमची दुसरी काडी टाकली आणि व्हिडिओ अडखळायचा थांबला

भाचा रावेरकडच्या केळीच्या बागांचे ड्रोन व्हिडिओ आणतो, ते कापून-जोडून द्यायचं काम माझं. लॅपटॉप अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबीची एकच काडी. टाइमलाइन सरकवली की चित्र अडखळायचं. "मामा, ग्राफिक्स कार्डवाला नवा घ्या," असं त्याचं म्हणणं.

पण डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली लॅपटॉपच्या भागांची यादी, उघडला तर प्रोसेसर आयरिस एक्सई या इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा, यादीत ग्राफिक्सचं नाव मात्र नुसतं यूएचडी. तिथेच दुखणं कळलं. या चिपवर आयरिसचं नाव रॅम दोन चॅनेलने, म्हणजे दोन वाटांनी, चालते तेव्हाच दिसतं. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. प्रोसेसर आणि ते एकाच ताटात जेवतात. डीडीआर४-३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग) ची एक काडी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी वाहून नेते, दोन चॅनेल झाले की ५१.२. म्हणून मी १६ ची एकच काडी घेतली नाही. जागा वाढली असती, रस्ता अरुंदच राहिला असता.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून त्याच वेगाची ८ ची काडी आणली. चार्जर काढला, बॅटरीची पिन सोडवली, मगच आत हात घातला. पहिल्यांदा स्क्रीन काळीच! जीव घाबरला. काडी अर्धवट बसली होती. तिरकी घालून दाबल्यावर दोन्ही क्लिपा खट्कन बसल्या.

आता नाव आयरिस एक्सई, प्रिव्ह्यू सरळ चालतो. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच जोडलेली असते, तेव्हा आधी खालचं झाकण उघडून रिकामा स्लॉट बघा, मगच पैसे द्या.