फिक्या लाकडाचं विनियर: पांढरेपणा शेवटपर्यंत कसा टिकवावा

गडद लाकूड पुष्कळ काही पोटात घालतं. शिसवीत गोंदाचा डाग मुरतो, अक्रोडात बारीक फट दिसत नाही. फिकं लाकूड काहीच लपवत नाही. बोटाचा मळ, पेन्सिलची पूड, शेजारच्या गडद तुकड्याची धूळ, सगळं त्यावर उमटतं. म्हणून मार्क्वेट्रीत, म्हणजे विनियरचे (लाकडाच्या अगदी पातळ पापुद्र्यांचे) तुकडे जोडून केलेल्या चित्रकामात, फिका भाग कापणं फारसं अवघड नसतं. खरी मेहनत तो फिका राखण्यात आहे.

लाकूड निवडताना

सर्वांत पांढरं होली नावाच्या झाडाचं लाकूड. त्याच्या रेषा जवळजवळ दिसतच नाहीत, त्यामुळे चेहरा, फुलाची पाकळी, अक्षरं यांसाठी त्याला तोड नाही. पण हे झाड हिवाळ्यात तोडून लगेच वाळवावं लागतं. उशीर झाला की बुरशीमुळे निळसर-करडी झाक येते आणि ती पॉलिशखालीही दिसत राहते. शीट नेहमी दिवसाच्या उजेडात पाहा. पिवळ्या दिव्याखाली ही झाक कळत नाही. होलीचं खोड बारीक असल्यामुळे शीट अरुंदच मिळतात.

मोठा पृष्ठभाग मढवायचा असेल तर सिकमोर किंवा मेपल घ्या. सिकमोर दुधाळ असतं आणि कधी त्यात आडव्या लहरी असतात. व्हायोलिनच्या पाठीवर चमकतात तशाच. मेपल किंचित साईच्या रंगाचं आणि जास्त कठीण. बॉक्सवुड घट्ट पण पिवळसर. अ‍ॅशची छिद्रं मोठी असतात, म्हणून बारीक तुकड्यांसाठी मी ते घेत नाही.

कपाटाच्या दारांसाठी एकाच ओंडक्याची, लागोपाठ कापलेली शीट घ्या, खडूने क्रमांक टाका आणि अंधारात सपाट ठेवा. उघड्या राहिलेल्या कडा उजेडाने पिवळ्या पडतात.

सपाट करणं आणि बाजू ओळखणं

वाकडं विनियर पाण्याने हलकं ओलसर करा आणि कोऱ्या कागदात घालून वजनाखाली ठेवा. कागद दोन-तीनदा बदला. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई होलीवर उतरते.

पात्याने सोलून काढलेल्या विनियरला एक घट्ट आणि एक सैल बाजू असते. सैल बाजूला बारीक चिरा असतात. ती बाहेर ठेवून वाकवलं तर शीट सहज वाकतं. शक्यतो सैल बाजू खाली, गोंदाकडे जाऊ द्या. पुस्तकाच्या पानांसारखी शीट उलगडून जोडली की एकाआड एक बाजू वर येते आणि फिक्या लाकडावर उजळ-मंद पट्टे दिसतात. ते खटकत असतील तर शीट न उलटता शेजारी-शेजारी सरकवून जोडा.

कापणं

नवशिक्याने खिडकी पद्धतीने सुरुवात करावी. टाकाऊ विनियरवर चित्र काढून हवा तो आकार कापून काढा. त्या खिडकीखाली चांगलं विनियर सरकवून रेषांची दिशा जुळेपर्यंत फिरवा, पात्याच्या टोकाने कडेने खूण करा आणि मग तुकडा कापा. खूण पात्यानेच करा, पेन्सिलची काळी रेघ सांध्यात कायमची राहते. अ‍ॅल्युमिनियमची पट्टीही करडे ओरखडे सोडते. हात धुऊन बसा आणि पातं बोथट व्हायची वाट न पाहता बदला.

वाळूतली सावली

पाकळीला गोलाई आणायची तर रंग नको, तापलेली वाळू हवी. जाड भांड्यात स्वच्छ बारीक वाळू तापवा. टाकाऊ तुकड्याची कड त्यात 10 सेकंद धरा; हलका बदामी रंग आला तर उष्णता योग्य आहे. लगेच काळं पडलं तर वाळू फार तापली आहे. अशी कड फक्त वरून जळते आणि पुढे खरवडताना सावलीच निघून जाते. सावकाश दिलेली सावली आरपार मुरते. इच्छेपेक्षा थोडी गडद करा, कारण घासल्यावर ती उतरते. उष्णतेने तुकडा आक्रसतो, म्हणून किंचित ओलसर करून वजनाखाली ठेवा, मगच बसवा.

चिकटवणं

साधारण 0.6 मिमी जाडीच्या फिक्या विनियरमधून खालचा रंग जाणवतो. त्यामुळे खालचा फळा फिका आणि एकसारखा असावा. त्यावर पेन्सिलच्या खुणाही नकोत. वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा सुतारी गोंद पातळ, एकसमान लावा. फळ्याच्या मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचं विनियर चिकटवा, नाहीतर फळा बाक धरतो.

ओल्या लाकडाला लोखंडी क्लॅम्प टेकू देऊ नका, मध्ये कागद घाला. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून काळा डाग पडतो. हीच क्रिया मुद्दाम घडवून, फेरस सल्फेटच्या पाण्याने सिकमोरला रुपेरी करडं करतात. त्याला हेअरवुड म्हणतात.

घासण्याआधी थांबा

माझ्या मते सर्वाधिक कामं इथे बिघडतात. पडौक या लाल लाकडाची किंवा आबनुसाची काळी भुकटी पॉलिशपेपरखाली होलीच्या छिद्रांत भरते आणि नंतर कशानेही नीट निघत नाही. म्हणून आधी पूर्ण पृष्ठभागावर रंग काढलेल्या, फिक्या चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात द्या. वाळला की धारदार स्क्रेपरने रेषांच्या दिशेने हलकेच खरवडा. स्क्रेपरने धूळ नव्हे, पापुद्रे निघतात. पॉलिशपेपर अगदी शेवटी, तोही नवा आणि बारीक, आणि प्रत्येक फेरीनंतर धूळ ओढून घ्या. स्टील वूल टाळा. त्याचे कण अडकले आणि पुढे पाण्याचं वॉर्निश लागलं की गंजाचे ठिपके उठतात.

शेवटचा हात

जवसाचं तेल किंवा तेलाचं वॉर्निश लावलं की होली मधासारखं पिवळं दिसतं. पांढरेपणा हवा असेल तर फिका चपडा किंवा पाण्याचं अ‍ॅक्रिलिक वॉर्निश लावा. मात्र काम प्राण्यांच्या चामड्यापासून केलेल्या सरसाने चिकटवलेलं असेल तर पाण्याने तो सैल होऊ शकतो. तिथे चपडाच बरा.

उजेड मात्र पॉलिशने पूर्ण थांबत नाही. फिकी लाकडं पिवळी होत जातात, बरीच गडद लाकडं उतरतात आणि दोघांतलं अंतर कमी होतं. 1760 मध्ये फर्निचर-कारागीर ओबेनने सुरू केलेलं आणि 1769 मध्ये रीझनरने पूर्ण केलेलं, फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यातलं पंधराव्या लुई राजाचं मेज मार्क्वेट्रीचंच. त्या काळच्या मार्क्वेट्रीतले रंगवलेले हिरवे-लाल तुकडे आज बहुधा तपकिरीच दिसतात. म्हणून जोडी ठरवण्याआधी दोन्ही लाकडांच्या पट्ट्या अर्ध्या झाकून उन्हाच्या खिडकीत काही आठवडे ठेवा आणि उघड्या अर्ध्या भागांकडे बघून निवड करा.