फुटबॉल संघनिवड: धावपळ आणि कल्पकता यांचा मेळ कसा घालावा

नाशिकमध्ये शालेय किंवा क्लबचा फुटबॉल संघ निवडताना प्रशिक्षकासमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो. शेवटच्या मिनिटापर्यंत पळणारा मुलगा घ्यावा, की कमी पळणारा, पण एका पासने समोरचा बचाव उघडा पाडणारा? बहुतेक वेळा पहिल्याची वर्णी लागते, कारण त्याची मेहनत मैदानाबाहेरूनही दिसते आणि दुसऱ्याचे काम लक्षपूर्वक पाहिल्याशिवाय कळत नाही.

इंग्लंडने या सवयीची मोठी किंमत मोजली आहे. नोव्हेंबर 1953 मध्ये हंगेरीने लंडनच्या वेम्बली मैदानावर 6-3 असा धडा शिकवल्यानंतरही जोर, धाव आणि लांब चेंडू यांवरचा विश्वास तिथे टिकून राहिला. ग्लेन हॉडलसारख्या कल्पक खेळाडूला 53 आंतरराष्ट्रीय सामने मिळाले, तर तशाच कल्पक मॅट ल टिसिएला अवघे 8. मात्र याचा अर्थ मेहनती खेळाडू दुय्यम असतो असा नाही. 1966 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचे प्रशिक्षक आल्फ रॅमसे यांनी हुकमी गोल करणाऱ्या जिमी ग्रीव्हजऐवजी मेहनती जेफ हर्स्टला कायम ठेवले आणि हर्स्टने तीन गोल केले. त्याच संघात बॉबी चार्ल्टन मोकळेपणाने पुढे जाऊ शकत होता, कारण त्याच्या मागे नॉबी स्टाइल्स चेंडू हिसकावून घेण्याचे काम करत होता. पन्नास वर्षांनी लेस्टर सिटी क्लबने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा चेंडू हिसकावणारा एन्गोलो कान्टे आणि कल्पक रियाद माहरेझ यांच्यात कामाची अशीच वाटणी होती. म्हणून एकट्या खेळाडूला तराजूत न घालता जोडी निवडावी, असे माझे ठाम मत आहे.

चाचणीसाठी संपूर्ण मैदान वापरू नये. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानासारख्या मोकळ्या जागेत लहान चौकोन आखून पाच-पाच जणांचे सामने खेळवावेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू पुरेसा येतो. एका निरीक्षकाने एकाच मुलाकडे सलग दहा मिनिटे पाहावे आणि या वेळात चेंडूचा पाठलाग डोळ्यांनी करू नये. चेंडू येण्याआधी मुलगा मान वळवून मागे पाहतो का, चेंडू गमावल्यावर पहिली चार-पाच पावले कुठल्या दिशेने टाकतो आणि दडपणाखाली पुढचा पास शोधतो की लगेच मागे वळतो, एवढे तरी टिपावे. वीस मीटरवरून धावत येऊन चेंडूवर झेप घेणारा आणि एका हुलकावणीत चुकणारा मुलगा टाळ्या मिळवतो, पण दोन पावले बाजूला सरकून विंगरकडे (कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूकडे) जाणारी वाट बंद करणाऱ्याने संघाचे काम अधिक केलेले असते. नोंदवहीत या दुसऱ्या मुलाला गुण मिळाले पाहिजेत.

नोंदींचा अर्थही जपून लावावा. इंग्लंडमधील सामन्यांचे विश्लेषक चार्ल्स रीप यांनी 1950 पासून सामने मोजून, बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, असे दाखवले आणि त्यावरून लांब चेंडूचे समर्थन झाले. पण मुळात बहुतेक चालीच तेवढ्या छोट्या असतात, म्हणून गोलही तिथूनच जास्त होणार. आपल्या वहीतही गोलांबरोबर प्रयत्नांची संख्या लिहावी.

हवामानाचा विचार वेगळा करावा लागतो. जुलै-ऑगस्टच्या चिखलात जमिनीवरचा पास मध्येच अडकतो, त्यामुळे तेव्हा दमदार खेळाडू वाढवणे योग्य ठरते, पण चेंडू अचूक उचलून देणारा एक तरी ठेवावाच. पाऊस संपून जमीन कडक झाली की पहिल्या स्पर्शाचे मोल वाढते.

कल्पक खेळाडूला आपल्या बचावफळीच्या अगदी पुढे उभे करू नये, कारण तिथे गमावलेला चेंडू थेट गोलवर जातो. त्याला स्ट्रायकरच्या मागे किंवा कडेला खेळवावे आणि बचावाची दोनच कामे नेमून द्यावीत: चेंडू गेल्यावर लगेच जवळच्या खेळाडूला अडवणे आणि कॉर्नरच्या वेळी ठरलेली जागा धरणे. पाच कामे सांगितली तर एकही धड होत नाही.

सामन्याच्या उत्तरार्धात समोरचा संघ थकतो, त्याच्या फळ्यांमधील अंतर वाढते आणि नेमकी तेव्हाच या मुलाला जागा मिळते. म्हणून आघाडीवर असताना सर्वांत आधी त्यालाच बाहेर काढण्याची पद्धत सोडावी, आणि त्याच्या मागे धावून दमलेल्या जोडीदाराच्या जागी ताज्या दमाचा खेळाडू उतरवावा.