मखराच्या कटरने कापलेली दुपंखी विमानं: शेतात शर्यत लावायची तर

1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि माझी मखरं पुठ्ठ्यावर गेली. गरम तारेचा कटर तेवढा पडून राहिला. आता त्यानेच टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कापून मी दुपंखी, म्हणजे एकावर एक दोन पंखांची, रिमोटवर उडणारी छोटी विमानं करतो. सरद (पावसाळी) भाताची कापणी उरकली की गोव्यात सत्तरीतल्या वाळपईजवळच्या मोकळ्या शेतात ती उतरवतो.

अमेरिकेत रीनोला 1964 ते 2023 हवाई शर्यती व्हायच्या, 2025 मध्ये त्या रोझवेलला गेल्या. त्यात दुपंखींचा वेगळा गट असतो: पिट्स स्पेशल, मॉंग अशी एका माणसापुरती विमानं, उंच खांबांभोवती सगळी डावीकडेच वळणारी. आपण नियम तिथले घ्यायचे, मापं आपली.

दोन्ही पंख 60 सेंटीमीटर लांब, 10 रुंद. दोहोंमधलं अंतर रुंदीएवढं तरी ठेवाच. जवळ आणले की वरच्याच्या पोटाखालचा दाब आणि खालच्याच्या पाठीवरची ओढ एकमेकांना खातात. दोन पंख असूनही उचल दीडचीच. वरचा पंख तीन सेंटीमीटर पुढे. दोन्ही पुढच्या कडांच्या बरोबर मधे रेघ मारा. तिच्या मागे अडीच सेंटीमीटरवर विमान बोटावर तोललं पाहिजे. शंका आली तर नाक जड ठेवा. शेपूट जड असलेलं विमान एकदाच उडतं.

गोंद पांढरा, लाकडाचा, रात्रभर सुकू द्यायचा. घाईत मी झट चिकटणारा लावला होता. त्याने थर्माकोल विरघळून पंखाला वाटीएवढं भोक पडलं आणि शेजारच्या पोरांना वर्षभराचा विषय मिळाला.

मोटर, रिमोट, दोन सेलची छोटी बॅटरी, सगळं धरून वजन 250 ग्रॅमच्या आत. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या पट्ट्यात आहे ना ते बघा. दाबोळी किंवा मोपा विमानतळाच्या जवळ राहणाऱ्यांनी सरळ आमच्याकडे सत्तरीत यावं.

बांबूचे दोन खांब, 60 मीटर अंतरावर, टोकाला भगवं कापड. दहा फेऱ्या. प्रत्येक खांबाच्या रेषेत, पण बराच लांब, एक पोरगा झेंडा घेऊन उभा. विमान खांबाबाहेरून गेलं तरच झेंडा हलवायचा. आतून कापलं तर एक फेरी जास्त. उडवणारे सगळे एका रांगेत, बघणारे त्यांच्या मागे. ही रेषा कुणी ओलांडली की शर्यत बंद, मग तो सरपंचाचा पोर का असेना.

खरी गंमत वळणात. उंची न सोडता 60 अंश कललात तर पंखांवर दुप्पट भार येतो, 75 अंशांना जवळजवळ चौपट. घाबरून रिमोटची काठी आणखी ओढली की आतला पंख उचल गमावून पडतो. म्हणून खांबाच्या थोडं आधी कलवा, काठी हलकेच ओढा, आणि विमान खांबापासून दोन हात लांब गेलं तर जाऊ दे. मी अजून खांबाला चिकटूनच जायला बघतो, आणि म्हणून दर डिसेंबरात दोन-तीन पंख नवे कापतो.

सकाळी धुकं विरलं की सुरू करा. दुपारी वारा सुटला की गुंडाळा.