जुन्या माहजोंग सेटची गोष्ट कशी काढायची

घरात किंवा ओळखीत कुणाकडे जुना माहजोंगचा (चौघांनी टाइल्स, म्हणजे छोट्या चौकोनी सोंगट्या घेऊन खेळायचा चिनी खेळ, जुन्या टाइल्स बऱ्याचदा हाड आणि बांबूच्या) सेट असेल तर आधी तो माळ्यावरून खाली काढा, कोरड्या फडक्यानं पुसा (पाणी अजिबात लावू नका, हाड आणि बांबू दोन्ही खराब होतात आणि कोरीवकामातला रंग निघतो), नीट बघा, आणि मगच ज्यांचा सेट आहे त्यांच्याशी बोलायला बसा. क्रम हाच ठेवा. कारण "काकू, तुमच्या सेटची गोष्ट सांगा ना" म्हटलं की "अगं गोष्ट कसली, खेळायचो आम्ही" एवढंच मिळतं आणि विषय संपतो. तेच एक टाइल हातात देऊन "हिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका कुणी लावला?" विचारलं की मग चहा गार होईपर्यंत बोलतात.

सगळ्यात आधी टाइल्स मोजा. साधा पूर्ण सेट 144 चा. टाइलवरच्या चित्रांवरून त्यांचे प्रकार पडतात: बांबू, डॉट आणि कॅरॅक्टर मिळून 108, विंड्स (चार दिशांचे वारे) 16, ड्रॅगन 12 आणि फ्लॉवर-सीझन मिळून 8. अमेरिकन पद्धतीच्या सेटमध्ये आणखी 8 जोकर (दुसऱ्या टाइलच्या जागी चालणाऱ्या टाइल्स) असतात म्हणून ते 152. तुमच्याकडे 143 भरल्या तर वाईट वाटून घेऊ नका, ती हरवलेली एक टाइलच बहुतेक वेळा सगळ्यात चांगला प्रश्न ठरते. तिच्या जागी कुणी लाकडाचा तुकडा घासून रंगवलेला असतो, कुणी सेटबरोबर आलेल्या कोऱ्या टाइलवर पेनानं काढलेलं असतं, ते अक्षर कुणाचं हे घरातल्यांना लगेच ओळखू येतं.

मग टाइल कडेनं बघा. पुढे हाड, मागे बांबू, आणि दोन्ही एकमेकांत खाच करून अडकवलेले असतील तर तो जुन्या चिनी घडणीचा सेट. 1920 च्या दशकात अमेरिकेत या खेळाचं प्रचंड वेड होतं, जोसेफ बॅबकॉक नावाच्या अमेरिकन माणसानं 1920 मध्ये सोप्या नियमांचं पुस्तक काढलं आणि पुढच्या दोनचार वर्षांत मागणी इतकी वाढली की चीनमधल्या कारागिरांना हाडं पुरेनात, अमेरिकेतून गुरांची हाडं बोटीनं शांघायला जायची आणि टाइल्स होऊन परत यायची. कोपऱ्यात 1, 2, 3 असे आकडे किंवा विंड्सवर इंग्रजी अक्षरं कोरलेली असतील तर सेट बहुतेक बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी बनलाय. घरात "हा हस्तिदंती आहे" असं सांगत आले असतील तर भिंगाखाली बघा, बारीक काळपट ठिपके किंवा रेघा दिसल्या तर हाड आहे, आणि बहुतेक वेळा हाडच निघतं. खरंच हस्तिदंत निघाला तर विकायचा विचारही करू नका, आपल्याकडे त्याचा व्यापार बंद आहे. मधासारख्या पिवळ्या, हाताला जड लागणाऱ्या टाइल्स असतील तर त्या बेकलाइट-कॅटलिनच्या (जुन्या काळचं प्लास्टिक) प्रकारातल्या असू शकतात, त्यातल्या बऱ्याच मूळच्या फिकट असतात आणि वर्षानुवर्षांत पिवळ्या पडतात.

बांबू प्रकारातली एक नंबरची टाइल वेगळी काढा, तिच्यावर पक्षी असतो. चिमणी, मोर, करकोचा, कारागिरागणिक बदलतो, आणि मला विचाराल तर सेटचा चेहरा म्हणजे हीच टाइल, फोटो काढायचा तर पहिला हिचा काढा. मांजर, उंदीर, कोंबडा, गोम अशा टाइल्स सापडल्या तर सेट सिंगापूर-मलेशियाकडचा समजा, म्हणजे तिकडे घरातलं कोण होतं हा प्रश्न आपोआप तयार झाला.

अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या शेजारणीचा वगैरे सेट बघायला मिळाला तर जोकरवर लक्ष ठेवा. न्यूयॉर्कमध्ये 1937 साली नॅशनल माहजोंग लीग ही खेळाडूंची संघटना सुरू झाली, ज्यू बायकांनी सुरू केलेली, आणि ती दरवर्षी नवीन कार्ड काढते, जिंकायला टाइल्सच्या कुठल्या जुळण्या चालतील ते त्यावर असतं. पूर्वी फ्लॉवर आणि जोकर किती लागतील हेही बदलत राहायचं, मग बायका दुसऱ्या सेटच्या टाइल्स आणून, स्टिकर लावून, नेलपॉलिशनं खूण करून तोच सेट चालवायच्या. म्हणून स्टिकरखाली स्टिकर दिसला तर काढू नका प्लीज, स्वच्छ करायच्या नादात लोक नेमकं तेच खरवडतात, आणि किती वर्षं खेळ चालला याचा तोच तर पुरावा आहे. पेटीचे ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून मागेही बघा, जुनं कार्ड किंवा स्कोअरचा कागद सापडला आणि त्यावर साल असेल तर अर्धं काम झालं.

आता बोलायला बसा. आपल्याकडे हा खेळ आर्मी-नेव्हीच्या घरांमधून आणि मुंबई-पुण्याच्या क्लबांमधून जास्त टिकलाय, त्यामुळे "कधी घेतला" पेक्षा "तेव्हा पोस्टिंग कुठे होतं" विचारा, साल आठवत नाही पण स्टेशन पक्कं आठवतं. खेळ कुणी शिकवला, चौथा भिडू नसेल तर कुणाला बोलवायचे, पैसे लावायचात का, बदली झाली की सेट कुठल्या ट्रंकेत जायचा, असं बारीक बारीक विचारा. फोन समोर ठेवून रेकॉर्ड करा पण आधी परवानगी घ्या, आणि टाइल्स टेबलावर पालथ्या घालून ढवळायला सांगा, तो आवाज झाला की हात आपोआप टाइल्सची भिंत रचायला लागतात (डावाची सुरुवात तशीच होते) आणि तेव्हाच नावं बाहेर येतात.

काही घरांत जरा जपून. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात माहजोंगवर बंदी होती, सेट बाळगणंही धोक्याचं होतं. आणि आपल्याच देशात 1962 च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या अनेक कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं, कोलकात्याच्या चिनी वस्तीत किंवा तिथून टोरांटोला गेलेल्या कुणाकडे सेट बघायला बसलात तर तो विषय स्वतःहून उकरू नका, त्यांनी काढला तर मध्ये न बोलता ऐका.

ऐकलेलं त्याच दिवशी लिहून काढा. साध्या कागदावर पेन्सिलनं, कुणाचा, कुठून आला, कोण कोण खेळलं, कुठली टाइल बदललेली आणि का, इतकं पुरे, आणि तो कागद पेटीतच ठेवा, फोटो घरच्या ग्रुपवर टाका. नक्की माहीत नसेल तिथे "असं मोठी आत्या सांगायची" असं लिहा, अंदाज आणि माहिती एकत्र करू नका. आणि जाता जाता हा सेट पुढे कुणाला द्यायचा हे विचाराच, अवघड वाटतं पण विचारा, नाव त्यांच्याच अक्षरात त्या कागदावर खाली लिहून घ्या.