अबाउट, ऑन, डिस्पाइट यांच्या पुढे अख्खं वाक्य येतं तेव्हा: पुण्यात पहिल्या नोकरीला लागणाऱ्यांसाठी

मराठी माध्यमातून शिकून पुण्यात पहिल्या नोकरीला लागलेल्या मुलामुलींचे मेल मी रोज तपासते. हिंजवडीत सपोर्ट टीमचं काम, त्यामुळे परदेशातल्या ग्राहकाला जाणारं नव्या माणसाचं उत्तर आधी माझ्या नजरेखालून जातं. या मुलांचं इंग्रजी कच्चं असतं हा समज मला अजिबात पटत नाही. शब्द त्यांच्याकडे भरपूर असतात, काळही बहुतेक वेळा बरोबर असतात. गाडी अडते ती ठरावीक जागी. अबाउट, ऑन, ऑफ, फॉर अशा प्रिपोझिशनपुढे साधं नाम असेल तर काही अडत नाही, पण अख्खं वाक्य आणायचं म्हटलं की घोळ सुरू होतो.

नमुना म्हणून हे वाक्य घ्या: 'वी आर वरीड अबाउट दॅट द सर्व्हर मे फेल.' लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते स्वच्छ दिसतं: सर्व्हर बंद पडेल याची आम्हाला काळजी वाटते. मराठीत आपण आधी सगळं वाक्य बोलून घेतो, मग त्याला 'या' म्हणून धरतो आणि त्या 'या'ला हवं ते जोडतो. याची, यावर, याबद्दल, यामुळे. वाक्य कितीही लांबलं तरी ही सोय हाताशी असतेच. इंग्रजीत 'अबाउट'ला लागून 'दॅट'चं वाक्य येत नाही. त्यामुळे लिहिताना एवढंच पाहायचं, की आपला हा 'या' इंग्रजीत कशाने भरून निघणार.

पुष्कळदा तो भरावाच लागत नाही, प्रिपोझिशनच गळते. 'वी आर वरीड दॅट द सर्व्हर मे फेल.' झालं. 'अवेअर ऑफ द इश्यू', पण 'अवेअर दॅट देअर इज ॲन इश्यू'. शुअर, ग्लॅड, अफ्रेड यांचंही तसंच. दुसरी वाट क्रियापदाला आयएनजी लावायची: 'थँक यू फॉर सेंडिंग द लॉग्ज'. 'लुकिंग फॉरवर्ड टू' पुढेही 'मीटिंग यू' येतं, 'मीट यू' नाही, कारण तिथला 'टू' ही प्रिपोझिशन आहे. आणि 'क्लायंट उत्तर देईल याची वाट पाहतोय' हे सांगायचं असेल तर 'वेटिंग फॉर द क्लायंट टू रिप्लाय'. हे शेवटचं वाक्य पाठच करून टाका, सपोर्टमध्ये ते दिवसातून कितीदा तरी लागतं.

'द फॅक्ट दॅट' हा तिसरा उपाय मात्र जपून वापरा. 'डिस्पाइट'पुढे थेट वाक्य येत नाही (आणि 'डिस्पाइट ऑफ' तर नसतंच), म्हणून 'डिस्पाइट द फॅक्ट दॅट द पॅच वॉज अप्लाइड' बरोबर आहे. पण 'ऑलदो द पॅच वॉज अप्लाइड' जास्त हलकं आणि मोकळं वाटतं. शिवाय फॅक्ट म्हणजे घडलेली, खरी गोष्ट. 'वरीड अबाउट द फॅक्ट दॅट द सर्व्हर मे फेल' असं लिहिलं तर जे अजून घडलेलंच नाही त्याला आपण फॅक्ट म्हणून बसतो. व्याकरणात चूक काढता येत नाही, तरी मी असं वाक्य पुढे जाऊ देत नाही.

आता खरी महत्त्वाची जागा. व्हॉट, व्हेन, हाउ, वेदर ('की नाही' या अर्थाचा) यांनी सुरू होणारं वाक्य प्रिपोझिशनपुढे खुशाल येतं. 'इट डिपेंड्स ऑन वेदर द क्लायंट अप्रूव्ज इट.' इथे 'इफ' चालत नाही; 'डिपेंड्स ऑन इफ' लिहू नका. पण त्याहून नेहमीचा घोटाळा शब्दांच्या क्रमाचा. 'आय हॅव नो आयडिया अबाउट व्हेन विल द बिल्ड कम' अशी वाक्यं माझ्याकडे सतत येतात. याचं मूळ मराठीत आहे. 'बिल्ड कधी येईल?' हा प्रश्न आणि 'बिल्ड कधी येईल याची कल्पना नाही' हे विधान, दोन्हींत 'बिल्ड कधी येईल' जसंच्या तसं राहतं. आपण क्रम हलवत नाही, मग हलवायची गरजही जाणवत नाही. इंग्रजीत प्रश्न स्वतंत्र उभा असतो तेव्हा 'व्हेन विल द बिल्ड कम', आणि तोच दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की 'व्हेन द बिल्ड विल कम'. 'अबाउट हाउ डज इट वर्क' नव्हे, 'अबाउट हाउ इट वर्क्स'. 'डू', 'डज', 'डिड' तर पार नाहीसे होतात आणि त्यांनी धरलेला काळ क्रियापदाकडे परत जातो. 'व्हाय डिड इट फेल' आणि 'द रीझन फॉर व्हाय इट फेल्ड' ही जोडी शेजारी शेजारी लिहून बघा. (यातला 'फॉर' गाळून 'द रीझन व्हाय इट फेल्ड' म्हटलं तर आणखी चांगलं.)

आफ्टर, बिफोर, सिन्स, अंटिल यांची तऱ्हा निराळी. 'आफ्टर लंच' चालतं आणि 'आफ्टर द कॉल एंडेड'ही चालतं. शाळेत एकाच शब्दाला एकदा शब्दयोगी आणि एकदा उभयान्वयी म्हणायला शिकवलं, म्हणून मुलं गोंधळतात. ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने 1924 मध्येच असं मांडलं होतं, की पुढे नाम आलं की वाक्य आलं यावरून शब्दाची जात बदलू नये. हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांच्या 2002 च्या इंग्रजीच्या मोठ्या व्याकरणातही अशा शब्दांना दोन्हीकडे प्रिपोझिशनच मानलं आहे. मला हे पटतं, आणि नवख्यांना असंच समजावलं की पटकन उमगतं: काही प्रिपोझिशन फक्त नाम घेतात, काही दोन्ही घेतात. 'ड्युरिंग' फक्त नाम घेतं, म्हणून 'ड्युरिंग द कॉल' पण 'व्हाइल वी वेअर ऑन द कॉल'. आणखी एक जपायचं: 'बिफोर ही विल कम' होत नाही, 'बिफोर ही कम्स' होतं. मराठीत 'तो येण्याआधी' म्हणताना काळ लागतच नाही, त्यामुळे इथे पाय घसरतो.

प्रिपोझिशनला लागून 'दॅट'चं वाक्य येत नाही, याला अपवाद थोडे आहेत. 'इन दॅट' आणि 'एक्सेप्ट दॅट' बिनधास्त वापरा: 'द न्यू व्हर्जन इज बेटर इन दॅट इट नीड्स नो रीस्टार्ट.'

अप्पा बळवंत चौकात मिळणारी बरीचशी सरावपुस्तकं 'गाळलेल्या जागी योग्य प्रिपोझिशन भरा' यावर पानंच्या पानं खर्च करतात. कुठली प्रिपोझिशन हे त्यातून येतं, तिच्या पुढे काय ठेवायचं हे येत नाही. म्हणून सराव उलटा करा. आपल्याच पाठवलेल्या मेलमधून अबाउट, ऑफ, ऑन, फॉर शोधा आणि प्रत्येकाच्या पुढचा शब्द तपासा. 'दॅट' दिसला आणि त्यापुढे वाक्य असलं तर थांबा. 'व्हॉट', 'हाउ', 'व्हेन' दिसले तर लगेच कर्ता आलाय ना ते बघा. मनपाहून हिंजवडीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली तर तेवढ्या वेळात आठवड्याचे मेल नजरेखालून सहज जातात.

बोलताना मात्र इतकं काटेकोर राहू नका. 'डिपेंड्स हाउ यू लुक ॲट इट' असं 'ऑन' गाळून, किंवा 'डिपेंड्स इफ ही अग्रीज' असं 'इफ' वापरून इंग्रज माणसंही रोज बोलतात. कॉलवर असं तोंडातून निघालं तर मध्येच अडखळून दुरुस्ती करत बसू नका, पुढे बोलत राहा. कॉलनंतरच्या लेखी मेलमध्ये 'डिपेंड्स ऑन वेदर' लिहा.